चेचलेले टोमॅटो

स्पेनमध्ये मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या पिलारबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "फेकण्याआधी टोमॅटो मुठीत चेचायचा, म्हणजे समोरच्याला लागत नाही." एकमेकांवर टोमॅटो फेकायचा त्यांच्या गावचा उन्हाळी उत्सव एवढ्या एका नियमावर चालतो.

तासाभरात गल्लीत घोट्यापर्यंत लाल राडा साचला. उन्हाने त्याला आंबूस घाण सुटली. माझ्या नखांत, कानांत बिया होत्या. पिलारबाईंनी दारातच पाइप धरून मला म्हशीसारखं धुतलं. मग गॅलरीतल्या कुंडीवरचं प्लास्टिक काढून जपलेला एक टोमॅटो तोडला आणि पावावर चोळून मला दिला.

"हा खायचा," त्या म्हणाल्या.

घास तोंडातच फिरत राहिला. चेचताना आपल्याला मजा आली होती, हे काही केल्या गिळवेना.