व्याह्यांचा परत आलेला आहेर

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, संक्रांतीच्या आधीचा रविवार, शिवरात्रीनंतरचा रविवार आणि पाडव्याच्या पाठीवर आलेला रविवार. या चारही दिवशी माझे व्याही संकेश्वरहून बेळगावला माझ्याकडे येणार होते आणि आले नाहीत. यास मी पुढील व्यक्तींना जबाबदार धरतो : प्रथम खुद्द व्याही, दुसरी, थंडीच्या दिवसांत आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर स्वेटर विकणारी तिबेटी बाई, तिसऱ्या, मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतील वृद्धाश्रमात राहणाऱ्या एक आजी, आणि चौथी माझी सून, जिने आपल्या वडिलांचा ठावठिकाणा माहीत असूनही माझ्यापासून दडवून ठेवला. तरीही जे खरे ते नमूद केलेच पाहिजे : माणसाचा मान राखण्यात माझ्या व्याह्यांची बरोबरी करील असा इसम निपाणीपासून खानापूरपर्यंत दुसरा नाही.

त्यांच्या स्कूटरच्या डिकीत पाना-पक्कड नसते, टॉवेल-टोपी असते. स्कूटर बंद पडली आणि कुणी ढकलायला हात लावला, की त्या माणसाला रस्त्याच्या कडेला उभे करून टोपी घालतात आणि मगच स्कूटर सुरू होते का ते पाहतात. दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी तोंडात कापूस असतानाच आहेर केला. डॉक्टरांनी पुढचे दोन रोगी टोपी घालून तपासले. माझा एक जुना दावा निकाली निघाला तेव्हा ते न्यायाधीशांसाठी टॉवेल घेऊन कोर्टाच्या दारात हजर झाले. "अण्णा, हा गुन्हा होतो," मी बजावले. "मग पट्टेवाल्याला चालंल काय ओ?" त्यांनी विचारले. घेतलेल्या आहेराची परतफेड व्हायलाच हवी आणि दिलेला आहेर परत आला तर नाते तुटले, एवढी दोन कलमे त्यांच्या संहितेत आहेत.

आमच्या विहीणबाई गेल्या तेव्हापासून ते दर महिन्याला एक रविवार माझ्याकडे काढतात. महानगरपालिका, वीजमंडळ आणि वर्तमानपत्रांचे संपादक यांना महिनाभरात पाठवलेली पत्रे मी त्यांना वाचून दाखवतो. माझी पत्नी त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी वाजवते आणि मुलगा फोन कानाला लावून गच्चीवर जातो. व्याही मात्र मांडी घालून ऐकतात आणि प्रत्येक पत्राअखेर म्हणतात, "लई झणझणीत, पाव्हणं." असा श्रोता चार रविवार नाहीसा झाल्यावर माणसाची काय अवस्था होते, हे ज्याने कधी पत्र लिहिले नाही त्याला कळायचे नाही.

अखेर सुनेची मी रीतसर उलटतपासणी घेतली. व्याह्यांनी दिवाळीआधी त्या स्वेटरवालीकडून मफलर घेतला आणि सवयीप्रमाणे विचारले, "घरात वडीलधारं कोण हाय तुमच्या?" तिने सांगितले, की आपले कुणी उरले नाही, पण वसाहतीत अशी कितीतरी म्हातारी माणसे आहेत ज्यांना मागेपुढे कुणीच नाही, आणि बाहेरचा एखादा माणूस एकेकाच्या औषधपाण्याचा व दुधाचा भार उचलतो. व्याह्यांनी तिथल्या तिथे एक आजी पत्करल्या. इथपर्यंत माझी हरकत नाही. पण भार उचलायला दरमहा जातीने जावे लागते, असे कुठे लिहिले आहे?

मी त्यांना खरमरीत पत्र पाठवले. उत्तरादाखल ते भाड्याची गाडी घेऊन दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला. "चला माझ्यासंगं मुंडगोडला. म्हातारी माझा आहेर घेत न्हाय ओ. दर बारीला परत करत्या. काय चुकलं ते तुम्ही इचारा, तुम्ही वकील."

वाटेत सारे कळले. मोठ्यांना भेटताना पांढरा तलम शेला अर्पण करावा, हा तिबेटी रिवाज स्वेटरवालीने त्यांना शिकवला होता. त्यांनी तो पाळला, आणि आजींनी शेला घेऊन परत यांच्याच गळ्यात घातला. व्याह्यांच्या काळजाचे पाणी झाले. पुढच्या महिन्यात अधिक भारी शेला आणि वर घोंगडे नेले. घोंगडे राहिले, शेला पुन्हा गळ्यात आला. असे दर महिन्याला चालले होते.

आजी ओसरीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. तरुणपणी डोंगर ओलांडून आल्या, तान्हे मूल वाटेत गेले, नवरा इथे मक्याच्या शेतात राबता राबता गेला, असे तिथल्या परिचारिकेने हिंदीत सांगितले. व्याह्यांनी वाकून शेला पुढे केला. आजींनी तो त्यांच्या गळ्यात घातला, कपाळाला कपाळ टेकवले. व्याह्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे माझे अशील निकालाच्या दिवशी पाहत.

मी परिचारिकेला बाजूला घेऊन विचारले. ती हसू लागली. वडीलधाऱ्या माणसाने शेला परत गळ्यात घालणे हा आशीर्वाद असतो. राग कसला?

आता हे सांगितले, की त्यांची रुखरुख संपेल, दरमहाच्या फेऱ्या संपतील आणि माझे रविवार मला परत मिळतील, असा माझा हिशेब होता. मी तत्परतेने सांगितले.

"म्हंजे रागावली न्हाय ती?"

"मुळीच नाही."

"आशीर्वाद देत्या व्हय मला?" त्यांनी गळ्यातला शेला दोन्ही हातांनी नीट सारखा केला. "मग आता तर यायलाच पायजे की ओ, पाव्हणं."

माझा चेहरा काय झाला असेल तो असो. आजींनी मला जवळ बोलावले, माझा हात हातात घेतला आणि काहीतरी म्हणाल्या. परिचारिकेने अर्थ सांगितला : हा रागीट माणूस फार थकलेला दिसतो, आधी त्याला चहा द्या. लोण्याचा, खारट चहा होता. एरवी मी तक्रार केली असती. मी दोन वाट्या प्यालो. आजींनी माझा हात सोडला नाही, आणि समोर व्याही रिकामी वाटी घेऊन आपली पाळी केव्हा येते याची वाट पाहत बसले होते.

तेव्हापासून ते पुन्हा नियमाने रविवारी माझ्याकडे येतात, पत्रे ऐकतात, झणझणीत म्हणतात. मुंडगोडला मात्र मधल्या वारी, एकटे, मला न कळवता जाऊन येतात. विचारले की म्हणतात, "गाडीत जागा नव्हती ओ."

सबब माझी जाहीर मागणी अशी : येत्या रविवारी दोन्ही घरची माणसे पानावर बसलेली असताना, व्याह्यांनी सर्वांसमक्ष उत्तर द्यावे. गेल्या खेपेला आजींनी त्या रागीट माणसाची चौकशी केली होती की नाही?