दोन पियानो आणि रानडुकरं

आमच्या सावली गावात पियानोचा कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची लांबलचक पाश्चात्य रचना, ऐकणारा माणूस मी एकटाच आहे. पूर्वी आम्ही दोघं होतो.

बायकोला, शालूला, ही गोडी मीच लावली आणि पस्तावलो. रचना एकच, पण तिची आमच्याकडे दोन रेकॉर्डिंग्ज. माझा वादक सपाट्यानं वाजवणारा, तिचा सावकाश.

"तुमचा माणूस बस सुटून राह्यल्यासारखा वाजवते," ती म्हणायची.

"तुझा पेंगतो," मी म्हणायचो. तोवर वरण थंड व्हायचं.

शालू गेली आणि वाद अर्धाच राहिला. हल्ली मी दोन्ही ऐकतो आणि दोन्ही बाजूंनी मीच भांडतो. (तिच्या बाजूनं मुद्दे जास्त सुचतात!) पण करमत नाही.

यंदा धान लोंबीवर आलं तसा चुलतभाऊ रामाजी दारात उभा. "दादा, तुमचा स्पीकर द्या ना. डुकरं बांधीतलं धान खाऊन राह्यले. रातच्या जागलीले आवाज पायजे."

आमच्याकडे रानडुकरांसाठी रात्रभर बांधावर काहीतरी वाजत ठेवतात. बहुतेक जण भजनं लावतात. मी स्पीकरबरोबर माझा पेन ड्राइव्हही दिला; त्यावर आधी माझा वादक, मग शालूचा. म्हटलं, कुणीतरी ऐकेल.

सकाळी रामाजी तोंड पाडून आला. "पयलं वाजलं तवा एक डुक्कर नाई आलं. दुसरं लागलं अन् अख्खा कळप आला. धान खाल्लं, अन् तिथीच लोळत पडले."

"म्हणजे दुसरं त्यांना आवडलं?" मी पुढे सरकून विचारलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी तुलना करत होतं! "पण मधला संथ भाग होता, तेव्हा काय करत होते?"

"दादा, माह्यं धान गेलं, अन् तुमी काय विचारून राह्यले? ते दुसरं काढून टाका."

मी ओशाळलो. पेन ड्राइव्हवरून शालूचा वादक काढला. घरी दुसरी प्रत आहे ना, हे आधी दोनदा पाहिलं. तेव्हापासून डुकरं फिरकलेली नाहीत. रामाजी येता-जाता सांगतो, "दादा, तुमचावालाच भारी."

आयुष्यभराचा वाद जिंकलो, आणि ऐकायला शालू नाही. घर खायला उठतं. मग संध्याकाळी दारं-खिडक्या लावून मी तिचावाला लावतो. खरं सांगायचं तर, तोच चांगला आहे. हे रामाजीला कळू देऊ नका. तो मलाही कळपात धरेल.