न विचारता मॉन्ट्रियलला

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास काकू माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात पासपोर्ट, आणि साडीखाली चालायला जाताना घालायचे पांढरे बूट.

"तुझी गाडी खाली आहे ना?"

"आहे. का?"

"मग चल. मॉन्ट्रियलला."

ही दोन हजार सहाच्या जूनमधली गोष्ट. आम्ही तेव्हा न्यू हॅम्पशायरमध्ये, नॅशुआला राहत होतो. काकू समोरच्या बिल्डिंगमध्ये, मुलाकडे. वय एकसष्ट. वाशिमच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. काका गेल्यावर मुलाने इकडे बोलावून घेतलं. तो सिटिझन असल्यामुळे त्यांना ग्रीन कार्डही मिळालं होतं. मुलगा-सून दोघंही नोकरी करणारे, म्हणजे नातू आणि स्वयंपाकघर काकूंकडे. रोज दुपारी आम्ही दोघी कॉम्प्लेक्सच्या तळ्याभोवती चार चकरा मारायचो. माझ्यापेक्षा अठ्ठावीस वर्षांनी मोठ्या, पण तिथं मला मैत्रीण म्हणावी अशी त्या एकच होत्या.

मॉन्ट्रियलची ट्रिप त्यांच्या घरी तिसऱ्यांदा ठरली होती. पहिल्यांदा नातवाला ताप आला, दुसऱ्यांदा मुलाचं ऑफिसचं काम निघालं. या वेळी काकूंनी सकाळपासून तिखटमिठाच्या पुऱ्या लाटल्या होत्या. एक वाजता मुलाचा फोन आला. "आई, ट्रिप कॅन्सल केलीय गं. उद्या टीमला घरी जेवायला बोलावलंय, पंधरा जण होतील. तुझ्या पुरणपोळ्यांचं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. डाळ भिजवून ठेव."

"मग मी काय केलं," काकू म्हणाल्या, "डाळीचा डबा काढला. अन् परत ठेवून दिला. त्याच्या फाइलच्या कपाटातून माझा पासपोर्ट काढला. माझीच वस्तू आहे ती. टेबलावर चिठ्ठी ठेवून आली. नातवाला आज सूनच शाळेतून घेणार आहे."

आता माझं सांगते. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून मी नवऱ्यामागे इथे आले आणि पाच वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरी बसले. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. एप्रिलमध्ये आमचं ग्रीन कार्ड आलं. तेव्हापासून मी कुठे अर्ज केला की नवरा नकाशा उघडायचा. "हायवेने जावं लागेल. तुला जमणार नाही. तू पॅनिक होतेस." मी होत होते, हे खरंच होतं. लायसन्स घेऊन तीन वर्षं झाली तरी मी ग्रोसरी, लायब्ररी आणि मुलीची शाळा यापलीकडे गाडी नेली नव्हती. हायवेवर नेहमी तो चालवायचा आणि मी शेजारी बसून केळी सोलून द्यायचे.

काकूंना मी हे सगळं सांगू शकले असते. त्यांना ते माहीतही होतं. पण त्या बूट घालून आल्या होत्या. मी नवऱ्याला फोन लावला.

"साडेतीनला पिल्लूची बस येते. आज तिला तू घे. मी काकूंबरोबर मॉन्ट्रियलला चाललेय. रविवारी येईन."

"काय? मला मीटिंग आहे."

"मला मॉन्ट्रियल आहे."

त्याचं ऑफिस दहा मिनिटांवर होतं. तो तीन वाजताच आला, तोंड पाडून. "वेडी झालीस का? हायवेवर, एकटी?"

"दोघी आहोत."

"त्या गाडी चालवतात?"

"नाही. पण त्यांना नकाशा वाचता येतो."

सात वर्षांच्या लेकीने बसमधून उतरल्या उतरल्या इंग्रजीत विचारलं, मीपण येऊ का? मी नाही म्हटलं. ही आमची ट्रिप आहे, तू बाबाला फ्रीजमध्ये काय कुठे आहे ते दाखव. ती रडेल असं वाटलं होतं. ती बाबाचा हात धरून ऐटीत आत गेली.

गॅस स्टेशनवर रोड अ‍ॅटलास विकत घेतला. काकूंनी तो मांडीवर उघडला, चष्मा चढवला आणि बोटाने रस्ता धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. हायवेला लागताना माझे तळहात घामाने ओले झाले होते. उजवीकडून चढून चालत्या गाड्यांच्या रांगेत शिरायचं, हेच मला कधी जमलं नव्हतं. मी हायवेवर चढायच्या पट्टीच्या टोकाशी ब्रेक दाबला. मागून जोरात हॉर्न वाजला. माझ्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं.

"रडत रडत चालव," काकू म्हणाल्या, "पण थांबू नको. मागे ट्रक आहे."

मी रडत रडत चालवली. कॉंकर्ड गेलं, व्हरमाँट लागलं, हिरवे डोंगर दोन्ही बाजूंनी आले आणि कधीतरी माझ्या लक्षात आलं, की मी सत्तरच्या स्पीडने जातेय आणि काकूंना माझ्या सासूची नक्कल करून दाखवतेय.

बर्लिंग्टनला कॉफीला थांबलो तेव्हा माझा मोबाइल वाजला. काकूंचा मुलगा. मी फोन त्यांच्या हातात दिला. तो इतक्या मोठ्याने बोलत होता, की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"आई, हा काय पोरकटपणा आहे? ताबडतोब परत ये. तुला रस्त्यात काही झालं तर?"

"काही व्हायचंच असेल तर तुझ्या स्वयंपाकघरातही होईल."

"उद्या पंधरा लोक येतायत!"

"तुझे लोक आहेत. मला विचारून बोलावले का?"

"अगं, पण मी तुला नेणारच होतो ना. पुढच्या महिन्यात."

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बाळा, तू नेशील तेव्हा मी पुन्हा येईन. पण आज मी जातेय. ठेवते." त्यांनी फोन बंद केला आणि पिशवीतून पुऱ्या काढल्या. एक माझ्यापुढे ठेवली. दुसरी मोडता मोडता म्हणाल्या, "त्याच्याशी असं मी पहिल्यांदाच बोलले."

ग्रीन कार्ड असलं की कॅनडात जायला वेगळा व्हिसा लागत नव्हता. कॅनडाच्या बॉर्डरवरच्या ऑफिसरने दोन्ही पासपोर्ट आणि कार्डं पाहिली. मग वाकून काकूंकडे पाहिलं. तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण? मी तोंड उघडायच्या आत काकूंनी इंग्रजीत सांगितलं, "फ्रेंड." त्याला ते खरं वाटलं नसावं. त्याने सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, मॅम, तुम्ही स्वतःच्या इच्छेने चालला आहात ना?

"येस," काकू म्हणाल्या. "फर्स्ट टाइम."

त्याने हसून पासपोर्ट परत दिले.

पुढे मक्याच्या शेतांतून जाणारा साधा रस्ता, पाट्या सगळ्या फ्रेंचमध्ये, अंतरं किलोमीटरमध्ये. काकूंना किलोमीटर पाहून माहेरी आल्यासारखं झालं. पुलावर चढलो तेव्हा साडेआठ वाजत आले होते आणि उन्हं अजून होती. खाली नदी. पलीकडे शहराच्या काचा चमकत होत्या. काकूंनी अ‍ॅटलास मिटला. "सेंट लॉरेन्स," एवढंच म्हणाल्या. मला त्यांच्याकडे पाहायचं होतं, पण माझ्या दोन्ही बाजूंनी गाड्या चालल्या होत्या.

शनिवारी सकाळी, रात्री उतरलो होतो त्या मोटेलच्या बाईने हातवारे करत आम्हाला नदीचा रस्ता सांगितला. शहराच्या जुन्या बंदरावर गेलो तर नदी दगडी भिंतीखाली, दूर. काकूंना ती तशी चालेना. "मला हात लावायचा आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा गाडी काढली आणि वरच्या अंगाला, जिथे काठाला नुसती झाडं आणि खडक आहेत, तिथे गेलो.

तिथे नदी गर्जत होती. पांढरा फेस, उसळणाऱ्या लाटा, मध्येच खडकांवर उभे असलेले बगळे. काकू बूट काढून, निऱ्या एका हातात धरून काठावरच्या दगडावर उतरल्या. मी त्यांचा दंड घट्ट पकडून ठेवला.

"पंचमहासरोवरांचं सगळं पाणी इथून समुद्राला जातं," त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "दरवर्षी पाच मार्कांचा प्रश्न असायचा." आणि मग त्या हसायला लागल्या. "अगं, मी पोरींना सांगायची, ही नदी संथ वाहते म्हणून. जहाजं चालतात ना, म्हणजे संथच असणार. पुस्तकात हे नव्हतं. एकतीस वर्षं मी चुकीचं शिकवलं!"

हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, काय झालं. "काही नाही," म्हणाल्या. "नकाशावर छडी ठेवायची अन् म्हणायची, ही अमुक नदी, हा तमुक पर्वत. यांनी एकदा विचारलं होतं, तुला यातलं काय पाहायचं आहे. मी म्हटलं, आपल्याला कुठे जायला मिळणार. मीच म्हटलं. त्यांनी तर विचारलं होतं."

दुपारी एका उपाहारगृहात आम्ही बटाट्याच्या फ्राइजवर चीज घातलेलं काहीतरी मागवलं. त्यावरचा रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारायला मला फ्रेंच येईना. तेव्हा काकूंनी वेट्रेसला गाईचा आवाज काढून दाखवला आणि नकाराचं बोट हलवलं. आजूबाजूची माणसं वळून बघत होती. एरवी मी खुर्चीखाली लपले असते. त्या दिवशी इतकी हसले, की पोटात कळ आली. रस्सा न घातलेली प्लेट आली.

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो, तर काकूंचा मुलगा पार्किंग लॉटमध्येच उभा होता. आईची पिशवी घेताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

असं कुणी म्हटलं की मी आधी सॉरी म्हणायचे, चूक कुणाची ते नंतर बघायचे. त्या दिवशी तोंडातून सॉरी आलंच नाही. म्हटलं, "कळत होतं. कळत होतं म्हणूनच गेलो."

"माणसं जेवली का काल?" काकूंनी त्याला विचारलं.

"रेस्टॉरंटमधून मागवलं."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. पुढचे काही आठवडे तो मला पाहिलं की रस्ता बदलायचा. सून मात्र दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीरूममध्ये भेटली तेव्हा हळूच म्हणाली, "मला का नाही नेलंत?"

माझ्या घरी लेकीने मला दारातच सांगितलं, की बाबाने दोन्ही दिवस मॅगी केली आणि ती बेस्ट होती. नवऱ्याने जेवणानंतर तिला झोपवलं. मग म्हणाला, "तुला नक्की काय सिद्ध करायचं होतं?"

मी खरंच विचार केला. "काही नाही," म्हटलं. "जायचं होतं."

ते उत्तर त्याला पटलं नाही. आजही पटलेलं नाही. ऑगस्टमध्ये मी चाळीस मैलांवरच्या एका कंपनीत नोकरी धरली, तेव्हाही आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी भांडले आणि नोकरीवर गेले.

काकू दोन वर्षांनी वाशिमला परत गेल्या. मुलावर रागावून नव्हे. त्यांनी सरळ सांगितलं, की मला माझ्या घरात राहायचं आहे, आणि तिकीट काढायला लावलं. पण त्यांच्या जाण्यानंतरही ती गोष्ट आमच्या महाराष्ट्र मंडळात फिरत राहिली. एका पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणीतरी नवीन बाई माझ्या शेजारी बसल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या, दुसऱ्यांच्या आईला पळवून नेणाऱ्या?"

"नाही हो," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "त्यांनी मला पळवलं होतं."