चिंचेत भिजवलेले बोल्ट

दसऱ्याला दोन दिवस होते. समया, निरांजनं, ताम्हण घासायला काढलं आणि हात चालूच होता म्हणून मी आमच्या ह्यांच्या इंजिनाचे बोल्टही चिंचेच्या पाण्यात टाकले. शुद्ध आगाऊपणा. पण दसऱ्याला गाडीची पूजा करायची आणि तिचे बोल्ट असे काळेकुट्ट, तेलकट, हे मला बघवेना.

मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यांनी एकेक बोल्ट खोवून ठेवला होता. मला वाटलं, हरवू नयेत म्हणून. मी सगळे उपटून पातेल्यात टाकले आणि विसरले. सकाळी बघते तर काळेपणाबरोबर वरचा मुलामाही गेलेला, आणि पुसून ठेवले तर तासाभरात तांबूस गंज.

ऑफिस बंद पडून हे घरी बसले, त्यानंतर सात महिने गॅलरीतल्या खुर्चीतून हलले नव्हते. सोसायटीच्या गेटबाहेर पाऊल नाही. मग एक दिवस खाली पार्किंगमध्ये जाऊन आमच्या जुन्या गाडीचं इंजिन खोललं, आणि जेवताना बोलायला लागले. तेही इंजिनाबद्दल, ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी ऐकत बसायला मला फार आवडायचं. आता बोल्टांचं कळलं की म्हणणार, जाऊ दे, भंगारात दे गाडी. आणि पुन्हा ती खुर्ची. मला धास्ती होती ती एवढ्याचीच.

भाजी आणायला जाते सांगून मी रिक्षाने चारकोपची इंडस्ट्रियल इस्टेट गाठली. रुमालात एक बोल्ट. दुकानदाराने तो उलटसुलट बघितला.

"काकी, याला पाजलंत काय?"

"ते सोडा. असे दहा द्या."

त्याने नवा बोल्ट जुन्याला चिकटवून उजेडात धरला. आटे एकमेकांत बसले नाहीत. मग जुन्याला बसणारा एक नट काढला; त्यात दुसरा दोन फेरे फिरून अडकला. पाचवा मात्र सुरसुर गेला. मी खूश होऊन दहा घेतले आणि घरी येऊन पुठ्ठ्यात खोवून ठेवले.

दुपारी खाली चहा घेऊन गेले, तर हे दोन बोल्ट बोटांत फिरवत उभे.

"हे दोन लांब आहेत. खालच्या बाजूला आखूड लागतात. म्हणून तर पुठ्ठ्यावर जागा आखली होती. माझे बोल्ट कुठेत?"

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले. झालं, वाट लागली.

"एकटी गेलीस? मला सांगायचं ना."

"तुम्ही कुठे येताय गेटच्या बाहेर," मी फटकन बोलून गेले. बोलल्यावर वाटलं, जीभ हासडून टाकावी.

ते जिना चढू लागले. मी मागोमाग, चहा तसाच हातात. गॅलरीकडे न वळता ते आत गेले आणि कपाटातून ऑफिसची पँट काढून चढवू लागले.

"सैल झालीय गं कंबरेत. माझा पट्टा कुठे ठेवलास? दुकान बंद व्हायच्या आत पोचलं पाहिजे."

पट्टा समोरच लटकत होता. मी तरी तो शोधायच्या निमित्ताने कपाटात डोकं घातलं आणि थोडं रडून घेतलं.