झाकणावर बसलेली ओबदुलिया

आमच्या बायामो शहरात कुणाची लाइट जायची आणि कुणाची नाही, हे दवाखाना ठरवतो. दवाखान्याच्या तारेवर ज्यांची घरं, त्यांची लाइट सहसा जात नाही. आमच्या गल्लीची डावी बाजू त्या तारेवर आहे, उजवी नाही. मी उजवीकडची. ओबदुलिया डावीकडची, माझ्या दारासमोरची.

तिचा नवरा गेला तो पेन्शन आणि वरून उघडणाऱ्या झाकणाचा एक जुना फ्रीझर मागे ठेवून. पेन्शन पुरली नाही, फ्रीझर पुरला. आंबट संत्र्यांचा भाव पडला की ही टोपलीभर आणून पिळायची आणि रस बर्फाच्या साच्यांत ओतायची. लसूण, कांदा, मिरचीचं वाटण तसंच. काळा घेवडा एकदाच मोठ्या कुकरात शिजवून दह्याच्या रिकाम्या पेल्यांत भरून गोठवायची. एकदा चूल पेटवायची आणि आठवडाभर जेवायची. ती आणि तिची आईवेगळी नात लिस्बेत, दोघींचं असं चाललं होतं.

पण फ्रीझर असा समोर गुरगुरत असल्यावर शेजार गप्प बसतो थोडाच! आमच्याकडची लाइट गेली की आम्ही पिशव्या घेऊन तिच्या दारात. प्रत्येकाच्या पिशवीला रंगीत चिंधी. माझी पिवळी. सुरुवातीला माणसं विचारून येत, मग नुसतीच यायला लागली. ओबदुलिया कंबरेत वाकून आपलं सामान सरकवी, दुसऱ्याचं बसवी, आणि सरळ होताना "आई गं" म्हणे. नाही मात्र कुणाला म्हणाली नाही. तिच्या स्वतःच्या सामानाला चिंधी नव्हती. म्हणायची, "माझं ओळखायला मला कशाला हवी?"

त्या वर्षी लिस्बेतचं पंधरावं होतं. आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे निम्मं लग्नच. नव्या वर्षाची जेवणं उरकली की डुकराच्या मांसाचा भाव जरा उतरतो, तेव्हा ओबदुलियानं एक अख्खी तंगडी घेऊन तळाशी ठेवली. एरवी ती तिला परवडलीच नसती. वर सगळ्या गल्लीचं सामान, खाली नातीचं पंधरावं. दिवस तीन आठवड्यांवर आला आणि एका सकाळी सबंध बेटाचीच लाइट गेली. दवाखान्यानं आपलं जनरेटर लावलं. ओबदुलियाकडे कुठलं जनरेटर?

पहिला एवेलियो आला, कोपऱ्यावरचा चांभार. "मावशी, माझी कोंबडी तेवढी काढून घेतो. एका मिनिटाचं काम."

त्याच्या मागे दोघं, त्यांच्या मागे मी. प्रत्येकाचं एका मिनिटाचं काम. इतक्यांनी झाकण उघडलं तर आत गार काय राहणार? ओबदुलियानं आमच्याकडे पाहिलं, झाकणावर हात टेकले आणि चढून त्यावर बसली.

"लाइट येईपर्यंत कुणी उघडायचं नाही."

"मावशी, अंडी उबवताय काय?" एवेलियोनं विचारलं.

"उबवतेय. पहिलं पिल्लू तुला देईन. जा आता."

"अगं, पण माझे मासे," मी म्हटलं.

"तुझे मासेच सगळ्यात आधी घाण मारतील, म्हणून तर बसलेय. तू आधी जा."

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा नाही म्हटलं, तेही सगळ्यांना एकदम. लोक पुटपुटत गेले. ती तिथेच जेवली, तिथेच भिंतीला टेकून झोपली. लिस्बेतनं पाठीला उशी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फ्रीझरखालून गुलाबी पाणी यायला लागलं. ओबदुलियानं पाय वर घेतले आणि दिसलंच नाही असं केलं.

"आज्जी, ऊठ," लिस्बेत म्हणाली.

"तुझी तंगडी आहे खाली."

"माहीत आहे. सडली तर पाहुण्यांना काय, नाकाला चिमटे वाटायचे?"

ओबदुलियानं वाकून खालच्या पाण्याकडे पाहिलं. मग उतरायला गेली तर पाय मुंग्यांनी बधिर. दारात डोकावायला आलेल्या एवेलियोनं आणि मी तिला धरलं.

"एवेलियो, लाकडं आण," ती म्हणाली. "आपापलं घ्या सगळ्यांनी. जे आहे ते आजच शिजवा."

रस्त्यातच चुली मांडल्या. कोंबड्या, मासे, हाडं, सगळं. तंगडीला वितळलेला आंबट रस आणि वाटण चोळलं आणि ती निखाऱ्यावर चढवली. लिस्बेतच्या पंधराव्यासाठी शिवायला घेतलेल्या झग्याला अजून बाह्या नव्हत्या, तरी आम्ही तो तिला घालायला लावला. रेडिओवर नुसत्या बातम्या, तेव्हा तोंडानंच गाणं म्हटलं आणि एवेलियो तिच्याबरोबर नाचला. दोनदा तिच्या पायावर पाय दिला. "चांभार असून चप्पल सांभाळता येत नाही होय रे!" कुणीतरी ओरडलं. ओबदुलिया स्टुलावर बसून बघत होती. तिच्या ताटात मांस तसंच होतं.

बोटं चाटून होतायत तोवर लाइट आली. एरवी लाइट आली की सबंध गल्ली "आली!" म्हणून ओरडते. त्या संध्याकाळी कुणी ओरडलं नाही. आत रिकामा फ्रीझर गुरगुरायला लागला, तो रस्त्यापर्यंत ऐकू आला.

ओबदुलिया ताट घेऊन आत गेली. मीही गेले. ताटातले तुकडे तिनं दह्याच्या पेल्यात भरले, पिशवीत घातले आणि झग्याच्या उरलेल्या गुलाबी कापडाची चिंधी फाडून गाठ मारली.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"पंधराव्याच्या दिवशी तिला एक घास नको का?"

वाकून पिशवी तळाशी ठेवली. "आई गं" म्हणत सरळ झाली.

सकाळी एवेलियो पिशवी घेऊन दारात हजर. काल उरलेला रस्सा. आमच्या बाजूची लाइट परत गेली होती. ओबदुलिया दार धरून त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हाकलणार. मग बाजूला झाली.

"ठेव," म्हणाली. "पण तळाला ठेवू नकोस. तळ माझा आहे."