सहा घरांचं एक वायफाय

कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी साचतात, जुन्या वायरी आणि किस्से. वायरी भंगारवाला नेतो, किस्से माझ्याकडंच राहतात. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दुकानातले निम्मे किस्से एकाच तक्रारीचे: "व्हिडिओ अडकतोय." त्यातही बायपासजवळच्या एका नव्या बिल्डिंगनं जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्या कोर्सनं शिकवलं नसतं. कोर्स मी केलेलाच नाही, ही गोष्ट वेगळी.

दुष्काळाचं साल. शहर बायपास ओलांडून पळत होतं, पाण्याची पाइपलाइन मागंच राहिली होती. या बिल्डिंगीत सहा घरं, पाणी टँकरचं आणि सगळ्यांत मिळून एक वायफाय.

*

पहिला फोन दुसऱ्या मजल्यावरच्या देशमुख सरांचा. रिटायर्ड मास्तर. "अहो शेट, दहा मिनिटं नीट चालतो, मग धापा टाकतो."

गेलो. कॉम्प्युटरच्या डब्यावर वहिनींनी विणलेलं जाड लोकरीचं कव्हर, हवेच्या जाळीसकट चारी बाजूंनी बंद.

"सर, मे महिन्यात ह्याला स्वेटर?"

"धूळ बसती ना."

कव्हर काढलं, डबा निवला, व्हिडिओ पळाला. वहिनी आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

*

मग वरच्या मजल्यांवर सिग्नलच पोचेना. वायफायचा डबा पहिल्या मजल्यावर नसरीनभाभींच्या घरी. मी शोधतोय, डबा दिसेना. भाभींनी कमरेची किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. आत दागिन्यांशेजारी डबा लुकलुकतोय. वायरीसाठी कपाटाला मागून भोक पाडलेलं.

"भाभी, इसकू खुल्ले में रखो."

"सबका माल है भाई. चोरी हुआ तो मेरेकूच बोलेंगे ना."

डबा कपाटावर आला. भाभी आता बाहेर जाताना दाराला दोन कुलपं लावतात.

*

वॉचमन सोपानबापू पैठणकडचे. चारा संपला तेव्हा मेंढरं भावाच्या हवाली करून शहरात आलेले, बायको आणि मुलीला घेऊन पार्किंगमधल्या खोलीत राहायचे. मुलगी मनीषा माझ्याकडचा जुना कॉम्प्युटर घेऊन व्हिडिओवरून वेबसाइट बनवायला शिकत होती. बापूंचा शब्द ठरलेला: "दिवाळीपत्तुर नोकरी लागली तर ठीक, नायतर काकाच्या मेंढरांमागं."

तिचा व्हिडिओ हलेना. पाहतो तर पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक धडा उघडाच.

"अगं, बंद का नाही करत?"

"काका, बंद केला आन् परत नाय गावला तर?"

बापू मागून वाकून पाहत होते. "एका वाघरीच्या जाळीत एवढी मेंढरं कोंडल्यावर हलतील कशी?"

धड्यांवर खूण करून ठेवायला शिकवलं, तेव्हा कुठं तिनं एकेक बंद केला.

*

तरी रोज आठला तिचा लाइव्ह क्लास थांबायचाच. मी केबल बदलली, प्रोग्राम नवे टाकले. शेवटी धंद्याची भाषा काढली. "बापू, मोठं मशीन घ्यावं लागंल."

बापू तंबाखू मळत म्हणाले, "शेट, आठला किती घरं नेट लावत्यात?"

"सगळीच."

"मंग मशीनचा काय दोष? टाकी एक आन् सहा पाइप एकदम सोडले तर कुणाची घागर भरंल? बारी लावा."

जिन्यात टँकरच्या बारीचा कागद होताच. त्याखाली दुसरा लागला: आठ ते नऊ, मनीषा. देशमुख सरांनी आपली मालिका नवावर नेली. मोठं मशीन माझ्याच दुकानात राहिलं.

*

दिवाळीला महिना होता. पुण्याच्या एका कंपनीनं मनीषाची मुलाखत व्हिडिओवर ठेवली, दुपारी तीनला. काही अडलं तर असावं म्हणून मीही पार्किंगमध्ये हजर. सहाही घरांनी नेट बंद केलं. मुलाखत सुरू झाली आणि पाच मिनिटांत टँकर गेटात. चार दिवसांनी आलेला.

टँकर आला की नसरीनभाभी आणि देशमुखवहिनींची जुंपायची, आवाज चौकापर्यंत जायचा. मनीषाच्या खोलीचं दार तर टँकरपासून दहा पावलांवर.

बापू हात जोडत ड्रायव्हरपाशी पळाले. "दादा, इंजन बंद कर. हॉर्न नको." भाभींनी ओठांवर बोट ठेवलं. बायका बोटांनी नंबर दाखवत होत्या. घागरीला घागर लागू नये म्हणून मध्ये फडकी धरली. देशमुखवहिनींनी आपली बारी सोडून बापूंचा ड्रम आधी भरायला घेतला, धार वाजू नये म्हणून पाइप पार तळाला टेकवून.

टँकर गेला. भरल्या घागरी पावलं न वाजवता घरोघर गेल्या. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि मनीषा कपाळ पुसत बाहेर आली.

"एक तारखेपासून ये म्हणले."

मग रिकाम्या गेटाकडं बघून तिनं आईला विचारलं, "आई, आज बी टँकर नाय आला का गं?"