उशीवरचा कोळसा

ड्रूसी स्लोनच्या गाण्यात चर्चला खटकावी अशी एकच ओळ होती, आणि बीच क्रीकच्या खोऱ्यातल्या बायकांना नेमकी तीच तोंडपाठ होती.

एकोणसाठ वर्षांची ही बाई शाळेच्या स्वयंपाकघरात राजमा शिजवायची, मक्याचा पाव भाजायची. नवरा ऑर्बिन एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता. नंतर तीन वर्षं त्याने खुर्चीत बसून श्वासासाठी झगडण्यात काढली आणि एका मार्चमध्ये गेला. त्याची गिटार पुसून ठेवावी म्हणून तिने खुंटीवरून काढली, आणि पुसायचं राहिलं बाजूला, बाई वाजवत बसली. शाळेच्या जेवणाच्या यादीमागे पेन्सिलीने तिने चार ओळी लिहिल्या:

चुलीवर पाणी तापलंय, ये, दार लावून घे,
पाठीवरचा काळोख सगळा माझ्या हाती दे.
कानामागे उरतो थोडा, उरू दे, राहू दे,
तेवढाच माझ्या उशीवरती सकाळी पाहू दे.

आमच्या रेडिओवर शनिवारी सकाळी येईल त्याला गाऊ देतात. ड्रूसी एप्रनसकट गेली, गायली आणि दुपारच्या आत घरी येऊन कपडे वाळत घातले. पुढच्या आठवड्यात रेडिओवाल्यांचा फोन थांबेना. पलीकडच्या दोन खोऱ्यांतून पत्रं आली. नॅशव्हिलच्या एका रेकॉर्ड कंपनीनेही लिहिलं, की गाणं छान आहे, फक्त बाई जरा तरुण करा आणि कोळसा काढून टाका. त्या पत्रावर ड्रूसीने चूल पेटवली. कोळसा काढल्यावर ऑर्बिनचं उरणार काय होतं?

दुकानासमोरच्या बाकड्यावरच्या पुरुषांना तर आयतं कोलीत मिळालं. "ड्रूसी, पाणी तापलं का गं?" एकाने विचारलं.

"तापलंय," ती न थांबता म्हणाली, "पण तुझी पाठ निघेल एवढा साबण या दुकानात नाही."

बाकड्याला ती पुरून उरली. चर्चचं तसं नव्हतं. आमच्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही. रेडिओवर गिटार वाजवणारी बाई म्हणजे आधीच वाकडं पाऊल, त्यात ही उशी. ब्रदर हॅस्केल फ्यूगेट गुरुवारी तिच्या ओसरीवर येऊन बसले, टोपी गुडघ्यावर ठेवून. हॅस्केल आठवडाभर खाणीत असत आणि रविवारी चर्चच्या व्यासपीठावर, प्रवचनाला. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला घट्ट. चर्चच्या शनिवारच्या मासिक सभेत उभी राहा, चुकले म्हण, विषय संपला, एवढंच त्यांचं मागणं होतं. नाहीतर चर्चच्या यादीतून नाव कमी करावं लागेल.

"कशात चुकले?" ड्रूसीने विचारलं. "नवऱ्याला जीव लावला त्यात, की तो मेला तरी लावते त्यात?"

"उशीपर्यंत जायची गरज नव्हती."

"मग कुठपर्यंत जायचं, हॅस्केल? उंबऱ्यापर्यंत?"

हॅस्केलनी टोपी घातली आणि निघून गेले. ते वळणाआड होईपर्यंत ती ताठ उभी होती, मग मटकन बसली. कारण नाव कमी होणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. आमच्याकडे सभेच्या शेवटी गाणं चालू असताना सगळे बाकांवरून उठतात आणि एकमेकांचा हात हातात घेतात. ज्याचं नाव गेलं त्याचा हात कोणी धरत नाही. एकोणिसाव्या वर्षी, ओढ्यावर बर्फ असताना, ड्रूसीने बाप्तिस्मा घेतला होता. तेव्हापासून चाळीस वर्षं ते हात तिचे होते. आणि ऑर्बिन गेल्यापासून तिला माणसाचा स्पर्श होई तो तेवढाच. ते हात तिला हवे होते. पण ऑर्बिनला चूक ठरवून नको होते.

शनिवारी ती निळा झगा घालून नेहमीच्या बाकावर बसली, शेजारी झेटी मावशी. मावशी एक्याण्णव वर्षांच्या, दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या म्हटलं तरी चालेल. हॅस्केलनी तक्रार वाचली आणि विचारलं, "सिस्टर ड्रूसी, काय म्हणणं आहे?"

ती उठली. आवाज कापत होता. "गाणं तुम्ही अर्धवट ऐकलंय. कुणी दुकानात, कुणी कुंपणापाशी. माझं नाव काढायचं तर आधी शब्द नीट ऐका." आणि थरथर लपवावी म्हणून पहिली ओळ तिने एका दमात, घाईघाईने म्हणून टाकली. मग श्वास घ्यायला थांबली.

पूर्वी आमच्याकडे गाण्यांची पुस्तकं नव्हती, वाचताही कोणाला येत नसे. म्हणून रीत अशी, की एकाने ओळ भराभर सांगायची आणि थांबायचं, मग सगळ्यांनी ती लांबवून गायची. ओळ सांगणारा पुरुषच असतो, पण झेटी मावशींना ते कुठलं कळायला. त्यांना ड्रूसीचे ओठ भराभर हललेले दिसले आणि मग थांबलेले दिसले. एक्याऐंशी वर्षांची सवय. त्यांनी डोळे मिटले आणि चर्चमधल्या जुन्या चालीवर सूर लावला, शब्दांच्या जागी नुसता सूर. चाल सगळ्यांच्या ओळखीची. मागच्या बाकावरच्या बाया विचार करायच्या आत त्या चालीत शिरल्या, आणि शब्द तर त्यांना पाठच होते.

हॅस्केलनी हात वर केला. कोणी बघितलं नाही. ड्रूसीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरी ओळ सांगितली, या वेळी मुद्दाम, हनुवटी वर करून. चर्चच्या छपराखाली ऑर्बिनची पाठ धुतली जात होती, आणि खाणीवरचे पुरुषही खाली बघत गात होते. चौथी ओळ तिने सांगितली तेव्हा तिचा आवाज चिरकला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. बायकांनी उशीची ओळ पुरी केली, सावकाश, एक अक्षर न गाळता. हॅस्केलचा हात नकळत स्वतःच्या कानामागे गेला.

गाणं चालू झालं की उठायचं, हीही सवयच. झेटी मावशी उठल्या, ड्रूसीचा हात धरला. मग दुसरी, मग तिसरी. ज्या बाईचा हात अख्ख्या सभेने धरला तिचं नाव कमी कसं करायचं, हे नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. विषय पुढच्या महिन्यावर ढकलतो, असं हॅस्केल पुटपुटले. त्याला आता नऊ वर्षं झाली.

सगळ्यांत शेवटी मर्टिस आली, हॅस्केलची बायको, जी चारचौघांत कधी तोंड उघडत नसे. तिने ड्रूसीचा हात दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ सोडला नाही.

"आमच्या ह्यांचा उशीवर डाव्या बाजूला पडतो," ती म्हणाली.